भरतीला वेळ आहे तोवर

कोलाडच्या पुलाखालून सकाळी जे पाणी धावतं ते कुंडलिकेचं स्वतःचं नव्हे. मुळशी धरणात अडवलेलं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, वीज करून झाली की नदीत येतं, आणि मग काही तास कुंडलिका फुगून वाहते. भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून चालू आहे. या सुटलेल्या पाण्यावरच रोहे तालुक्यात राफ्टिंगचा धंदा उभा राहिला. भर उन्हाळ्यातसुद्धा पुण्या-मुंबईची मंडळी रबरी तराफ्यांत बसून दहा-बारा किलोमीटर खाली येतात. तराफ्यांपाठोपाठ कयाक आली. एका-दोघांना पुरेल एवढी अरुंद, हलकी नाव, दोन्ही टोकांना पाती असलेलं एक वल्हं. मुळात ती ग्रीनलंडकडच्या इन्युइट शिकाऱ्यांची, लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून केलेली. आता प्लॅस्टिकची मिळते आणि दोन माणसं ती डोक्यावरून नेऊ शकतात.

ही कयाक कोलाडच्या गोड्या पाण्यातून खाली खाडीत, कांदळवनात न्यावी का, यावर एका मामा-भाचीचं बोलणं मी पेणच्या खारेपाटात, बांधावर बसून ऐकलं. वेंगुर्ल्यात, गोव्यात चोडण बेटाच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात, तमिळनाडूत पिचावरमला खारफुटीतून नावा फिरतात. पेण-रोह्याच्या खाड्या मुंबईपासून इतक्या जवळ आहेत की इथेही त्या फिरणारच. प्रश्न आहे तो कोणाच्या हातून आणि कुठल्या वाटेनं, हा.

मामा वाशी-वढावकडचे, आगरी शेतकरी. सगळी जमीन खारीत. भाची रोह्याची, कोलाडला नदीवर वाटाडी म्हणून काम करते, पोहण्यात आणि बुडणाऱ्याला काढण्यात तरबेज. तिनं दोन कयाक टेम्पोत घालून आणल्या होत्या. दिवस मार्गशीर्षातला, वद्य षष्ठी. समोर धरमतरच्या खाडीचा एक फाटा पूर्ण ओसरलेला, नुसता करडा चिखल आणि त्यात तिवरांची वर आलेली श्वासमुळं. पाणी यायला वेळ होता.

मामा : षष्ठी ना? सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला पूर्ण भरती. आमच्या आतल्या फाट्यात अजून अर्धा तास पुढं धर. दोन वाजेपर्यंत तुझी नाव हलत नाही.

भाची : फोनमधलं कोष्टकही तेच सांगतंय मामा. दहा-पंधरा मिनिटांचा फरक.

(तिथीला तीननं गुणून चारनं भागायचं, भरतीची वेळ निघते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. किनाऱ्यावर हा हिशोब शाळेत न गेलेल्यालाही येतो. कयाक घेऊन येणाऱ्या पाहुण्याला मात्र तो कोणी शिकवत नाही, आणि कांदळवनात जिवाला धोका होतो तो इथेच. चढत्या भरतीबरोबर आत जायचं आणि ओहोटी लागताच परतायचं, हे चुकलं की नाव चिखलात बसते. उतरून ढकलायला गेलेला माणूस मांडीपर्यंत रुततो.)

मामा : मग आता मला नीट सांग. इथं नेमकं काय करायचंय तुला?

भाची : सहा कयाक. एका वेळी आठ-दहा माणसं, त्याहून जास्त नाही. दिवाळीनंतर सुरू, शिमग्याला बंद. भरतीबरोबर आत जायचं, तिवर, कांदळ, चिप्पी, मारांडी दाखवायची, पक्षी दाखवायचे, ओहोटी लागायच्या आत बाहेर. वाटाडे गावातले, त्यांना शिकवायचं काम माझं. इंजिन नाही, तेल नाही, आवाज नाही. वीतभर पाण्यात चालते नाव. होडीचं इंजिन जिथं चिखल ढवळतं, तिथून ही नुसती सरकते.

मामा : आणि काय दाखवणार त्यांना? तिवरं? तिवरं तर नव्या मुंबईला वाशीच्या पुलावरून जातायेताही दिसतात.

भाची : पुलावरून हिरवं दिसतं, मामा. आत शिरल्याशिवाय कळत नाही. हे बघा.

तिनं बांधाला लागून असलेल्या तिवराचं पान तोडून मामांच्या नव्हे, माझ्या हातात दिलं. वरची बाजू गुळगुळीत, खालची राखाडी. पानावर बारीक पांढरे कण होते. जिभेला लावलं तर मीठ. मुळांतून खारं पाणी ओढायचं आणि जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकायचं, अशी तिवराची रीत. कांदळाची आणखी निराळी. त्याचं बी झाडावरच रुजतं, हातभर लांब शेंगेसारखं लोंबतं आणि पिकलं की खाली चिखलात उभं रुततं किंवा पाण्याबरोबर दूर जातं. चिखलात हवा नाही म्हणून तिवरानं मुळं वर काढली, बोटभर जाडीच्या खुंट्यांसारखी, शेकड्यांनी. त्या खुंट्यांमधून एक निवट्या परांवर रेटत चालला होता. मासा असून तो ओहोटीला पाण्याबाहेर हिंडतो, आणि कयाकमधला माणूस त्याच्या डोळ्याच्या पातळीला बसलेला असतो. भाचीचं म्हणणं मला इथे पूर्ण पटलं. कांदळवन काठावरून पाहण्यात आणि त्याच्या आत पाण्याच्या पातळीवर बसून पाहण्यात मोठा फरक आहे.

मामा : पान मला दाखवू नको. आमच्या म्हशी हेच खाऊन वाढल्या. चुलीत हेच जाळलं. पण माझ्या आज्यानं कधी बांधासमोरचं तिवर मुळापासून तोडलं नाही. फांदी घ्यायची, बुंधा ठेवायचा. का? तर उधाणाची लाट आधी तिवरावर फुटते, मग बांधाला लागते. निसर्ग वादळ आलं तेव्हा, २०२० साली, ३ जूनला, मी बघितलंय. जिथं बांधासमोर तिवराचा पट्टा होता तिथं बांध राहिला. जिथं उघडा होता तिथं ओरबाडून काढला.

भाची : मग आपण एकाच बाजूला आहोत की!

मामा : थांब. बांधाबाहेरचं तिवर माझं राखणदार आहे. बांधाच्या आतलं तिवर माझ्या मुळावर आलंय. हे दोन वेगळे आहेत, आणि तुझ्या कायद्याला ते एकच दिसतात.

इथे बाहेरच्या वाचकासाठी खारेपाट थोडा उलगडून सांगायला हवा, कारण वादाचं मूळ त्यात आहे. खाडीकाठची ही भातजमीन समुद्राकडून मिळवलेली आहे. चिखलाचा बांध घालायचा, खारं पाणी बाहेर ठेवायचं, दोन-तीन पावसाळे जमिनीतलं मीठ धुऊ द्यायचं, मग राता भातासारखी खारट जमीन सोसणारी जात लावायची. बांधात उघाडी असते. मामांनी ती मला उतरून दाखवली. बांधाच्या पोटातून गेलेलं दगडी मोरीसारखं बांधकाम आणि त्याच्या खाडीकडच्या तोंडावर वरून बिजागरीला टांगलेली लाकडी झडप. भरतीचं पाणी चढलं की बाहेरच्या दाबानं झडप आपोआप बंद होते. ओहोटीला खाडी उतरते, आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. ना यंत्र, ना राखणदार. झडपेची फळी एका कडेनं कुजली होती आणि तिथून खाडीचं पाणी आत झिरपल्याची पांढरट रेघ उमटली होती. एवढ्याशा फटीतून एक शेत जातं.

बांध राखायची पद्धत म्हणजे जोळ. घरटी एक माणूस. आषाढ-श्रावणातल्या उधाणाला रात्री कंदील घेऊन बांधावर फिरायचं, चिंबोरीची बिळं शोधायची. बीळ लहान दिसतं, पण पाणी त्यातून वाट करतं, भोवतालची माती सुटते आणि पहाटेपर्यंत खांड पडते. मग पेंढा, चिखल, दगड, जे हाताला लागेल ते, माणसांची रांग लावून खांडीत टाकायचं. खोतांच्या काळात या कामाचा जुलूम होता, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. याच पट्ट्यात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीचा शेतकरी संप १९३३ पासून सहा वर्षं चालला. पुढे कूळकायदा आला, जमीन कसणाऱ्याची झाली. पण खोत गेला तसा बांधाचा धनीही गेला. १९४८ मध्ये खारजमिनींसाठी कायदा झाला, १९७९ मध्ये खारभूमी विकासाचा नवा कायदा आला, बांध सरकारच्या यादीत गेले आणि गावाची जोळ हळूहळू मोडली. पोरं कारखान्यात, गणपतीच्या कारखान्यांत हमरापूर-जोह्याला, नाहीतर मुंबईला. आषाढातल्या रात्री बांधावर जायला माणूस उरला नाही.

मामा : आमच्या खारीची खांड पडली ती बुजवली नाही. अर्ज झाले, पाहणी झाली. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. भरतीबरोबर तिवराचं बी आत आलं, रुजलं. आता दोन पुरुष उंच जंगल आहे. सातबारा माझ्या नावावर, शेतसारा मी भरतोय, आणि माझ्या शेतातलं झाड मी तोडलं तर गुन्हा माझ्यावर.

भाची : कायदा उगाच नाही आला, मामा. मुंबई-ठाण्यात भराव टाकून कांदळवन मारत होते लोक. रातोरात पाणी अडवायचं, झाडं सुकली की म्हणायचं इथं काही नव्हतंच. २००५ साली उच्च न्यायालयानं तोड थांबवली, ५० मीटरच्या आत बांधकाम बंद केलं. २०१८ च्या निकालात तर कांदळवन नष्ट करणं हा जगण्याच्या हक्कावरच घाला आहे असं न्यायालयानं ठरवलं. २०१२ मध्ये राज्यानं कांदळवन कक्ष काढला. हे झालं नसतं तर मुंबईजवळ एक झाड उरलं नसतं. २००४ ची त्सुनामी आली तेव्हा पिचावरमजवळची गावं खारफुटीच्या आडोशानं वाचली. आपल्या राज्यानं २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. आणि राज्याच्या कांदळवनातला मोठा वाटा आपल्या रायगडात आहे.

मामा : भराव टाकणारा बिल्डर आणि खांड न बुजवू शकलेला शेतकरी, दोघांना एकच कलम?

भाची यावर गप्प राहिली. तिच्याजवळ उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते कायद्याजवळही पुरेसं नाही. झाड कुठे उगवलं, कसं उगवलं, त्याआधी तिथे कोण पिकवत होतं, हा विचार न करता रक्षण केलं की रक्षणाचा सगळा बोजा सर्वांत दुबळ्या माणसावर पडतो. पण मामांच्या प्रश्नावरून कोणी कायदा सैल करायला निघालं तर त्याचा फायदा मामांना होणार नाही, भराव टाकणाऱ्याला होईल. पेणच्या लोकांना हे वेगळं सांगायची गरज नाही. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी याच जमिनी जाणार होत्या. त्या वेळी २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घेतला गेला.

मामा : तेव्हा एकदा आम्हाला विचारलं होतं. त्याआधी नाही, नंतर नाही. धरण आमच्या तालुक्यात, पाणी नव्या मुंबईला, आणि उन्हाळ्यात खारेपाटात टँकर. आता तू म्हणतेस पर्यटन. कोलाडला काय झालं सांग मला. हॉटेलं कोणाची? जमिनी कोणी घेतल्या? आणि तुमची पोरं वल्हं मारून रोजावर.

भाची : रोजावर आहेत, खरं आहे. मीही पाच वर्षं रोजावरच होते. पण त्याच पोरांनी शिकून स्वतःचे तराफे घेतले, काहींनी घरी पाहुणे ठेवायला सुरुवात केली. नदीवर गावातलाच वाटाडी लागतो, कारण कुठला दगड पाण्याखाली कधी जातो ते त्याला ठाऊक असतं. तिथं आम्ही उशिरा जागे झालो, म्हणून तर इथं मी आधी येतेय.

मामा : आणि ज्या पाण्यावर तुमचा धंदा आहे ते कोणाचं? मुळशीच्या मावळ्यांची गावं बुडाली त्याखाली. सेनापती बापटांनी १९२१ ला सत्याग्रह केला तो त्यांच्यासाठीच. देशावरच्या नद्यांचं पाणी, पूर्वेला जायचं ते डोंगर फोडून इकडं आणलं. तुमच्या पाहुण्यांना सांगता का हे?

भाची : मी सांगते.

मामा : तू सांगत असशील.

यानंतर भाचीनं पिशवीतून नकाशा काढला. उपग्रहाच्या चित्रावर तिनं निळ्या पेनानं वाट आखली होती. मुख्य खाडी तिनं टाळली होती, आणि कारण रास्त होतं. तिथे धरमतरच्या जेट्टीकडे कोळसा आणि लोहखनिज वाहणारे बार्ज येतात-जातात, त्यांच्या लाटेत नवखा माणूस कयाक सांभाळू शकत नाही. तिची वाट फाट्यातून आत शिरत होती, बांधातल्या एका मोठ्या तोंडातून पलीकडे जात होती आणि एका पसरट, शांत पाण्यात वळसा घेत होती. भोवती दाट हिरवं. तिनं तिथे लिहिलं होतं : 'सर्वांत चांगला भाग. लहान मुलांनाही चालेल.'

मामांनी चष्मा लावला, नकाशा गुडघ्यावर धरला आणि बराच वेळ पाहिला.

मामा : हे तोंड म्हणजे आमची खांड आहे, बाय. आणि हे पाणी म्हणजे माझं शेत.

भाची : मला माहीत नव्हतं, मामा.

मामा : कसं असणार? वरून घेतलेल्या चित्रात सातबारा दिसत नाही. हा जो वळसा काढलायस ना, तिथं आमची खळ्याची जागा. ही उंचवट्याची कड म्हणजे माझ्या नि चुलत्याच्या शेतामधला बांध. माझ्या आईनं इथं लावणी केली. आता तिथून लोक पैसे देऊन नाव चालवणार?

भाची : वाट बदलते मी.

मामा : बदलू नको, आधी उत्तर दे. ही खांड सरकारनं उद्या बुजवली, तर हे पाणी राहणार नाही, तुझी चांगली वाट राहणार नाही. मग तू काय करशील? खांड बुजावी म्हणून आमच्याबरोबर कचेरीत येशील, की खांड राहावी म्हणून मनातल्या मनात देव पाण्यात ठेवशील?

सगळ्या संभाषणातला हा खरा प्रश्न. मला तर वाटतं, निसर्ग पर्यटनाच्या नावाखाली कोकणात जे जे काही येतं आहे त्या प्रत्येकाला हाच विचारायला हवा. एखाद्या गावाचं नुकसान जिथे कोणाच्या तरी धंद्याचं भांडवल होतं, तिथे ते नुकसान भरून न येण्यात त्या माणसाचा स्वार्थ तयार होतो. मग तो माणूस स्वभावानं कितीही चांगला असो. भाचीनं हे टाळलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

भाची : मी कचेरीत येईन. पण मामा, खांड बुजवली की आतली तिवरं भरतीचं पाणी न मिळता मरणार. पाणी अडवून झाडं मारणं हाही कायद्यानं गुन्हाच आहे. परवानगी न्यायालयातूनच आणावी लागेल. ते एका अर्जाचं काम नाही. आणि आत आता दुसरंही जगणं सुरू झालंय. कोळंबी, बोईट, जिताड्याची पिल्लं याच मुळांत वाढतात. काल मी इथं दोन बायका चिंबोऱ्या काढताना पाहिल्या. त्यांच्या पोटाचं काय?

मामा : त्या माझ्याच वाडीतल्या. त्यांचीही शेतं गेली म्हणून तर चिंबोऱ्या काढतात.

भाची : तेच म्हणतेय मी. सगळं पुन्हा भात होईल असं तुम्हाला तरी वाटतं का? राबायला कोण आहे? दादा येणार आहे मुंबईहून?

आता गप्प व्हायची पाळी मामांची होती. बांधावर दोघं थोडा वेळ फाट्याकडे बघत बसले. चिखलाच्या कडेनं पाण्याची जीभ आत यायला लागली होती.

मामा : सगळं नाही होणार. वरच्या अंगाला, रस्त्याकडच्या खारीत अजून भात होतंय. तिथली उघाडी कुजलीय, ती बदलली तर शंभरेक खंडी तरी वाचेल. खालचं गेलं ते गेलं, हे मलाही कळतं. पण गेलं म्हणून फुकट गेलं असं कोणी म्हणू नये. जंगल हवंय ना सगळ्यांना? शहराला पुरापासून आडोसा हवा, माशांना पाळणाघर हवं, तुझ्या पाहुण्यांना सावली हवी. मग ज्याच्या सातबाऱ्यावर ते जंगल उभं आहे त्याला दरवर्षी खंड द्या. मी जमीन विकत नाही. मी ती जंगलाला कसायला दिलीय असं समजा.

भाची : हे मला मान्य आहे. माझ्यापुरतं मी आत्ता सांगते. आतल्या पाण्यात नाव गेली तर माणशी ठरलेली रक्कम ज्यांची शेतं खाली आहेत त्यांच्या खात्यात. आणि वेगळा वाटा उघाडीसाठी. पण मी एकटी हे कागदावर टिकवू शकणार नाही. गट हवा. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून स्वतः वल्ही मारून कांदळवन दाखवतात. त्यांनी कोणा कंपनीला आत येऊ दिलं नाही. राज्याची कांदळवन उपजीविका योजनाही आहे २०१७ ची, गट उभा राहिला तर खर्चाचा मोठा वाटा सरकार देतं. खेकडेपालन, जिताडा, पर्यटन, सगळं बसतं त्यात. चिंबोऱ्या काढणाऱ्या त्या बायका गटात पहिल्या हव्यात.

मामा : त्या बसतील तुझ्या असल्या नावेत?

भाची : तुमच्यापेक्षा आधी बसतील.

मामा : आणि भांगाच्या दिवसांतच न्यायचं लोकांना. उधाणाला कोणी मागितलं तरी नाही. फाट्याच्या तोंडाशी पाणी ओढतं, तिथं माझा चुलता गेलाय. आणि बांधावर गाड्या आणायच्या नाहीत. गाडीच्या चाकानं बांध बसतो. रस्त्याला उभ्या करा, पायी या.

भाची : लिहून घेते.

मामा : लिही. आणि विणीच्या दिवसांत बगळ्यांच्या झाडांखालून नाव नाही. माणूस बघून पक्षी उठले की घारी अंडी नेतात.

(दिवाळी ते शिमगा एवढाच हंगाम ठेवला तर बगळ्यांची पावसाळ्यातली वीण आपोआप सुटते. तरीही मामांनी ते सांगितलं. ज्या माणसाला आम्ही जंगलाचा विरोधक समजत होतो तो जंगलाचे नियम वाटाड्याहून बारकाईनं सांगत होता.)

दोघांचं सगळं जुळलं असं मी म्हणणार नाही. मामांना अजूनही वाटतं की पर्यटन गावात आलं की जमीन विकली जाते, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर अलिबागच्या वाटेवरची उदाहरणं आहेत. भाचीला वाटतं की डोळ्यांआड राहिलेली खाडी आधी मरते. कारखान्यांचं सांडपाणी आलं तरी पाहणारा कोणी नसतो. कुंडलिकेकाठी वाढल्यामुळे तिला हे फार लागतं. रोह्याच्या खाली नदीवर कोणी फिरत नाही म्हणूनच मेलेले मासे आधी मासेमारांना दिसतात आणि बातमी व्हायला आठवडा जातो, हे तिचं म्हणणं. रोज पाण्यावर जाणारा वाटाडी असेल तर त्याच दिवशी पाण्याचा नमुना घेता येईल. मला दोघांचीही भीती खरी वाटते.

पण माझा कौल सांगतो. खारेपाटात कयाक यावी, गावाच्या गटाच्या हातून यावी, आणि तिच्या आधी एक काम व्हावं : बांधाबाहेरचं जुनं कांदळवन आणि खांडीमुळे सातबाऱ्याच्या शेतात उगवलेलं नवं कांदळवन यांची गावोगाव मोजणी. जिथे भात होण्यासारखं आहे तिथे बांध आणि उघाडी सरकारनं तातडीनं दुरुस्त करावी. जिथे जंगल ठेवायचं आहे तिथे शेतकऱ्याला दरवर्षी मोबदला द्यावा. न्यायालयानं कांदळवनाचं रक्षण केलं ते योग्यच केलं. त्या रक्षणाची किंमत आज एकटा खारेपाट भरतो आहे, ती सगळ्या राज्यानं वाटून घ्यावी.

आणि तुम्ही, वाचकहो, या हिवाळ्यात पेण-रोह्याकडे नाव चालवायला निघालात तर तीन गोष्टी विचारून घ्या. वाटाडी कुठल्या गावचा आहे, आज तिथी कोणती आणि ओहोटी कधी लागते, आणि ज्या पाण्यावरून तुम्ही जाणार ते कोणाचं शेत आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याला पैसे देऊ नका.